जेरीचा सातबारा

माझ्या पीएचडीचा विषय नातेवाइकांना सांगायची वेळ आली की मी जरा अडखळते. "टीव्हीचा इतिहास" म्हटलं की समोरून येतं, "म्हणजे रामायण-महाभारत का?" आणि "कार्टूनच्या रिपीट टेलिकास्टचा इतिहास" असं खरं खरं सांगितलं की मामा विचारतात, "याला स्कॉलरशिप देतात?" मग मी वादात न पडता त्यांनाच एक प्रश्न विचारते. आज तुम्हालाही तोच विचारते.

1 मे 1995 ला भारतात कार्टून नेटवर्क सुरू झालं. त्यानंतरच्या काही वर्षांत ज्यांच्या घरी केबल होती त्यांना आठवत असेल, की हे चॅनेल चोवीस तास कार्टूनचं नव्हतं. दिवसा टॉम अँड जेरी, स्कूबी डू, फ्लिंटस्टोन्स. मग ठरलेली वेळ झाली की त्याच नंबरावर टीएनटी नावाचं दुसरंच चॅनेल सुरू व्हायचं आणि जुने इंग्रजी सिनेमे लागायचे, त्यांतले बरेच कृष्णधवल. सिनेमाच्या सुरुवातीला एक सिंह गोल चौकटीतून डरकाळी फोडायचा. आम्हा भावंडांची पक्की खात्री होती की केबलवाला मुद्दाम आमचं चॅनेल बंद करून मोठ्यांचं लावतो.

पण तो सिंह दुपारी टॉम अँड जेरीच्या आधीसुद्धा यायचा. मुलांच्या कार्टूनवर आणि आजोबांच्या काळातल्या सिनेमावर एकच सिंह कसा? आणि दोन्ही एकाच चॅनेलवर का? माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण या प्रश्नाचं उत्तर आहे. उत्तर शोधायचं तर कार्टूनच्या गोष्टी बाजूला ठेवून त्यांचा सातबारा काढावा लागतो. मालक कोण होता, कुणी कुणाला विकलं, वाटण्या कशा झाल्या, कूळ म्हणून कोण राहिलं, हे सगळं बघावं लागतं.

रिपीटने बंद पाडलेला स्टुडिओ

सुरुवात हॉलिवूडमधून. 1940 मध्ये एमजीएम या फिल्म कंपनीच्या कार्टून विभागात विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी एका मांजराची आणि उंदराची छोटी फिल्म काढली. ती चालली, आणि टॉम अँड जेरीची मालिका सुरू झाली. ही कार्टून्स टीव्हीसाठी नव्हतीच. थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायची सात-आठ मिनिटांची फिल्म, असा तो प्रकार होता, आणि प्रेक्षकांत मोठी माणसंही असायची. 1958 पर्यंत या जोडीच्या अशा 114 फिल्म्स आल्या आणि त्यांना सात ऑस्कर मिळाले.

एवढं यश, तरी 1957 मध्ये एमजीएमने तो विभाग बंद केला. टीव्हीमुळे थिएटरांचा धंदा बसत चालला होता, हे एक कारण. दुसरं कारण माझ्या विषयाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं आहे. कंपनीच्या हिशेबनिसांच्या लक्षात आलं, की जुनी टॉम अँड जेरी पुन्हा थिएटरात लावली तर नव्याच्या जवळजवळ नव्वद टक्के कमाई होते. बार्बेराने पुढे आपल्या आठवणींत हा हिशेब सांगितला आहे. मग नवं काढायचं कशाला? एका फोनवर विभाग बंद झाला आणि माणसं घरी गेली.

"रिपीट" ही गोष्ट टीव्हीने आणली असं आपण समजतो. ती त्याआधीची आहे. डिस्नेने 1937 ची स्नो व्हाइट 1944 मध्ये पुन्हा थिएटरात आणली आणि पुढेही साधारण सात-आठ वर्षांनी आणत राहिले. त्यामागचा हिशेब साधा होता. तेवढ्या वर्षांत ज्यांनी हे पाहिलेलंच नाही अशी नवी मुलं तयार होतात. मोठ्यांना शिळं वाटेल ते मुलांना ताजं असतं. मुलांच्या चॅनेलांचं सगळं अर्थशास्त्र आजही यावर उभं आहे.

हलणं कमी, बोलणं जास्त

नोकरी गेलेल्या हॅना-बार्बेरांनी त्याच 1957 साली स्वतःची कंपनी काढली आणि टीव्हीकडे वळले. पण टीव्हीकडे पैसा फारच कमी. थिएटरसाठीच्या सात मिनिटांच्या कार्टूनला चाळीस-पन्नास हजार डॉलर सहज लागत. टीव्हीवाले पाच मिनिटांना सुमारे तीन हजार द्यायला तयार होते.

यावर त्यांनी तोडगा काढला, तो म्हणजे चित्रंच कमी काढायची. पात्र बोलतंय तर फक्त तोंड हलवा, बाकी अंग तसंच ठेवा. पळताना मागचं दृश्य पुन्हा पुन्हा फिरवा. फ्रेड फ्लिंटस्टोन घरात धावतो तेव्हा मागे तीच खिडकी आणि तोच दिवा किती वेळा जातो, हे कधीतरी मोजून बघा. योगी बेअरच्या गळ्यात कॉलर असते, तिचाही उपयोग हाच. मान आणि धड यांच्यामधला सांधा झाकला की नुसतं डोकं हलवून भागतं. हालचाल गेली, तिची जागा संवादांनी घेतली. चक जोन्स या दिग्दर्शकाने अशा कार्टूनांना चित्रं लावलेला रेडिओ म्हणून टोमणा मारला होता.

हा टोमणा वाचला तेव्हा मला आमचं घर आठवलं. 1990 च्या दशकात मराठी शाळेत जाणाऱ्या आम्हा मुलांना कार्टून नेटवर्कवरचं इंग्रजी कळत नव्हतं. तरी टॉम अँड जेरी बघताना कधी काही अडलं नाही. फ्लिंटस्टोन्स मात्र डोक्यावरून जायचं. आजी आमच्याबरोबर टॉम अँड जेरी बघून हसायची आणि जेटसन्स लागलं की उठून स्वयंपाकघरात जायची. तेव्हा वाटायचं की एक मजेदार आहे आणि दुसरं कंटाळवाणं. आता कळतं, की या फरकाच्या मुळाशी पैसा होता. 1940 च्या दशकात ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी हालचालीतून विनोद केला, त्याला भाषा लागत नाही. 1960 च्या दशकात ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांनी बोलण्यातून विनोद केला, त्याला भाषा लागते. पुढे दशकाच्या अखेरीस हिंदी डबिंग आलं, तेव्हा कुठे ही बोलकी कार्टून्स आमच्या घरात खऱ्या अर्थाने पोहोचली.

जेटसन्सचं उदाहरण आणखी एका कारणासाठी बघण्यासारखं आहे. 1962-63 मध्ये अमेरिकेत त्याचे फक्त 24 भाग आले. मालिका एका वर्षात संपली. पण तेच 24 भाग शनिवारी सकाळच्या मुलांच्या वेळेत वर्षानुवर्षं फिरत राहिले, इतके की 1985 मध्ये कंपनीने नवे भाग काढले. वीस वर्षांहून जास्त काळ मुलांच्या दोन पिढ्यांनी भविष्यकाळ म्हणून जे पाहिलं, ते एकूण बारा तासांचं होतं.

वाटण्या

आता सातबाऱ्याकडे येऊ. 1956 मध्ये वॉर्नर ब्रदर्सने आपला जुन्या सिनेमांचा साठा 2 कोटी 10 लाख डॉलरला विकून टाकला. त्यात ऑगस्ट 1948 च्या आधीची रंगीत कार्टून्सही गेली. घेणारी कंपनी होती असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्स, आणि तिने त्याच सुमारास पॉपायच्या फिल्म्सही घेतल्या. वॉर्नरला वाटलं जुना माल खपला. घेणाऱ्यांनी तो गावोगावच्या टीव्ही केंद्रांना भाड्याने देऊन चांगला पैसा केला.

यातून बग्स बनीच्या सरळ वाटण्या पडल्या. 1948 च्या आधीचा ससा एकाचा, नंतरचा दुसऱ्याचा. पडद्यावर तोच ससा, तेच गाजर, पण कागदावर मधे बांध.

आधीच्या वाट्याचे पुढचे फेरफार असे. 1958 मध्ये तो युनायटेड आर्टिस्ट्सकडे गेला. 1981 मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सला एमजीएमने विकत घेतलं. म्हणजे एमजीएमची स्वतःची टॉम अँड जेरी, वॉर्नरची जुनी कार्टून्स आणि पॉपाय हे सगळं एका छपराखाली आलं. मग 1986 मध्ये आला टेड टर्नर. सीएनएन काढणारा हाच. त्याने सुमारे दीड अब्ज डॉलर मोजून एमजीएम घेतलं, कर्जात बुडाला आणि काही महिन्यांतच स्टुडिओ, जागा, नाव, सिंह असं जवळजवळ सगळं विकून टाकलं. ठेवला फक्त जुन्या फिल्म्सचा साठा. त्या वेळी बहुतेकांनी त्याला वेड्यात काढलं. एवढा पैसा देऊन घेतलं काय, तर जुनी रिळं!

टर्नरला मात्र पक्कं माहीत होतं, की केबलच्या धंद्यात चॅनेल काढणं सोपं आणि ते रोज भरणं अवघड. 1988 मध्ये त्याने त्या साठ्यातले सिनेमे दाखवायला टीएनटी काढलं. 1991 मध्ये हॅना-बार्बेराची कंपनीच 32 कोटी डॉलरच्या व्यवहारात घेतली. आणि 1 ऑक्टोबर 1992 ला कार्टून नेटवर्क सुरू केलं.

तर सिंहाच्या कोड्याचं उत्तर हे. टॉम अँड जेरी आणि ते कृष्णधवल सिनेमे 1986 च्या एकाच खरेदीखतात आले होते. भारतात उपग्रहावरची जागा दोघांनी वाटून घेतली, कारण दोघांचं घर एकच होतं. केबलवाल्याचा त्यात काही दोष नव्हता. आणि गंमत म्हणजे डरकाळी फोडणारा सिंह तोवर मालक राहिलाच नव्हता. त्याचं नाव फिल्मवर होतं, सातबाऱ्यावर नाही.

168 तास

आता थोडं गणित. आठवड्यात 168 तास असतात. हॅना-बार्बेरांनी अठरा वर्षं खपून काढलेली सगळी टॉम अँड जेरी सलग लावली तर साडेतेरा तासांत संपते. जेटसन्सच्या मूळ भागांचे बारा तास. फ्लिंटस्टोन्सचे 166 भाग, म्हणजे 83 तास. एवढ्यावर चोवीस तासांचं चॅनेल चालवायचं तर रिपीटशिवाय गत्यंतर नाही, आणि इतका साठा हातात नसेल तर चॅनेल काढायचा विचारही नको. कार्टून नेटवर्क सुरू झालं तेव्हा त्याच्याकडे स्वतः बनवलेली अशी एकही मालिका नव्हती. सगळं विकत घेतलेलं होतं.

हळूहळू नवं आलं, तेही जुन्यातूनच. 1994 ची स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट ही मुलाखतींची मालिका 1966 च्या स्पेस घोस्टची चित्रं कापून-जोडून केली होती. जुन्या साडीची गोधडी करावी तशी. 1995 मध्ये हॅना-बार्बेरा स्टुडिओत तरुण चित्रकारांना छोट्या फिल्म्स करायला दिल्या, त्यांतून डेक्स्टर्स लॅबोरेटरी, जॉनी ब्राव्हो, पॉवरपफ गर्ल्स निघाल्या. रिपीटच्या कमाईवर नव्याची पेरणी झाली. 1957 मध्ये रिपीटने ज्यांचा स्टुडिओ बंद पाडला, त्यांच्याच नावाच्या स्टुडिओत रिपीटच्या पैशाने नवी माणसं कामाला लागली. हा उलटा फेरा मला फार आवडतो.

आमच्यापर्यंत यातलं काहीच पोहोचत नव्हतं. स्वॅट कॅट्सचा पुढचा भाग कधी येणार म्हणून आम्ही वाट बघायचो. ती मालिका अमेरिकेत 1995 मध्येच संपलेली होती. आमच्या टीव्हीवर 1943 ची टॉम अँड जेरी, 1969 ची स्कूबी डू आणि 1993 ची स्वॅट कॅट्स एका दुपारी मागोमाग लागायची आणि सगळं "आजचं" असायचं. साल कुणी सांगत नव्हतं.

भाडेकरू

सगळ्याच चॅनेलांना मालकी परवडत नाही. अमेरिकेतलं निकलोडियन 1979 मध्ये सुरू झालं तेव्हा हात आखडता होता. त्यांनी 1980 च्या दशकात ब्रिटनची डेंजर माउस, स्पेनमध्ये बनलेली डेव्हिड द नोम, फ्रान्स-जपानची मिस्टीरियस सिटीज ऑफ गोल्ड अशा बाहेरच्या मालिका दाखवल्या. हे हक्क भाड्यासारखे असतात. अमुक वर्षं, अमुक वेळा दाखवा, मुदत संपली की घर खाली करा. 1988 पासून बग्स बनीचा 1948 नंतरचा वाटा निकलोडियनकडे असाच होता. भाड्याचं घर कितीही सजवलं तरी मोठेपणी त्याची किंमत मालकालाच मिळते. म्हणून 1991 मध्ये त्यांनी रगरॅट्ससारख्या स्वतःच्या मालिका काढल्या.

पण भाडेकरूमुळे घराचं नशीब फळफळल्याचीही उदाहरणं आहेत. ड्रॅगन बॉल झी या जपानी मालिकेचे इंग्रजीत डब केलेले पहिले 53 भाग अमेरिकेत आधी इकडेतिकडे लागले आणि डबिंग थांबलं. 1998 मध्ये कार्टून नेटवर्कने तेच भाग घेऊन रोज दुपारी लावायला सुरुवात केली. मुलं जमली, आणि वर्षभराने पुढच्या भागांचं डबिंग पुन्हा सुरू झालं. पुढे आपल्याकडेही त्या मालिकेचं वेड आलं.

फेरफार

रिपीट म्हणजे तेच पुन्हा, असं आपण धरून चालतो. अभिलेख तपासले की ते खरं राहत नाही.

टॉम अँड जेरीत एक बाई असायची, जिचे फक्त पाय आणि झाडू दिसायचा. मूळ फिल्म्समध्ये ती कृष्णवर्णीय मोलकरीण आहे आणि तिला लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीचा आवाज आहे. ते पात्र म्हणजे गोऱ्या अमेरिकेने रंगवलेलं काळ्या मोलकरणीचं ठरीव चित्र होतं, आणि त्यावर तेव्हाच आक्षेप घेतले गेले होते. 1965 मध्ये ही कार्टून्स शनिवारी सकाळी टीव्हीवर आली, तेव्हा काही फिल्म्समध्ये तिच्या जागी गोरी बाई नव्याने काढली, काहींत जून फोरेचा आयरिश ढंगाचा आवाज घातला. 1990 च्या दशकात कार्टून नेटवर्कसाठी आवाज आणखी एकदा बदलला. 1968 मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सने तर वॉर्नरची अकरा कार्टून्स वर्णद्वेषी चित्रणामुळे टीव्हीवर देणंच बंद केलं. 2001 मध्ये कार्टून नेटवर्क बग्स बनीच्या सगळ्या फिल्म्स दाखवणार होतं, त्यांतल्या बारा ऐनवेळी गाळल्या.

माझं मत विचाराल तर मुलांसमोर ते चित्र न आणण्यात चूक नव्हती. पण गाळलेलं दिसत नाही, त्यामुळे ते कधी होतं हेही कळत नाही. आम्ही त्या पायांना वर्षानुवर्षं हसलो आणि ते पाय कुणाचे, हा प्रश्न पडलाच नाही. मला तो पडला एमएला असताना, एका वर्गात मूळ फिल्म दाखवली तेव्हा. लाज वाटली. हा विषय घेतला तो त्या दिवसामुळे.

आता

1996 मध्ये टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली आणि चाळीस वर्षांनी बग्स बनीच्या दोन्ही वाटण्या एका घरात आल्या. 1 एप्रिल 2000 ला जुन्या कार्टूनांसाठी अमेरिकेत बूमरँग हे वेगळं चॅनेल निघालं. तिथवर मालकाचा फायदा दाखवण्यात होता. जेवढ्या वेळा दाखवू तेवढं बरं.

आता हिशेब फिरला आहे. ऑगस्ट 2022 मध्ये याच घराण्याच्या स्ट्रीमिंग सेवेवरून खर्च वाचवण्यासाठी कितीतरी कार्यक्रम काढून टाकले. त्यांत इन्फिनिटी ट्रेन ही अलीकडची, चांगली गाजलेली कार्टून मालिकाही गेली. मार्च 2025 मध्ये लूनी ट्यून्सच्या जुन्या फिल्म्स तिथून काढल्या. 1957 च्या हिशेबनिसाने नवं बंद केलं होतं, पण जुनं तरी दाखवत राहिला. आजच्या हिशेबात न दाखवणंही फायद्याचं ठरू शकतं.

म्हणून मामांना माझं उत्तर असं: आपल्याला काय आठवतं हे बऱ्याच अंशी काय पुन्हा दाखवलं गेलं यावर ठरतं, आणि काय पुन्हा दाखवायचं हे ज्याच्या नावावर ते आहे तो ठरवतो. टॉम अँड जेरी माझ्या आजीपर्यंत पोहोचली, कारण ती फिल्मवर होती, कुणाच्या तरी मालकीची होती आणि त्या मालकाला ती दाखवणं परवडत होतं. तीन्ही गोष्टी जमल्या तरच जुनं पुढे जातं. आपल्या भाषेतल्या मुलांच्या कार्यक्रमांना हीच फूटपट्टी लावून बघा. कशावर चित्रित केलं, टेप जपली का पुसली, हक्क कुणाकडे आहेत, आणि ते पुन्हा कधी दाखवले गेले? माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेच आहे, आणि ते लिहिताना माझी सगळ्यात जास्त दमछाक होते आहे.

त्यासाठी एक विनंती. 1990 च्या दशकात टीव्हीवरून मुलांचे कार्यक्रम रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओ कॅसेट कुणाच्या माळ्यावर पडल्या असतील, तर रद्दीत देण्याआधी मला कळवा. जाहिरातींसकट असतील तर फारच उत्तम. बुरशी लागली असली तरी चालेल.